थीसिसला कर्क्युमिन घेतलंस? मग एवढं बघ

दाताच्या पल्पच्या (आतल्या मऊ गाभ्याच्या) पेशींमधली सूज हळदीतल्या कर्क्युमिनने उतरते का, हा विषय चांगला आहे. फक्त रेझव्हेरॅट्रॉल, क्वेर्सेटिन, युजेनॉल ही वनस्पतींतली इतर संयुगंही सगळी एकदम नको. एकाचाच पिच्छा पुरव.

– स्वयंपाकघरातली हळद चालणार नाही. तिच्यात कर्क्युमिन जेमतेम २ ते ५ टक्के; शुद्ध पावडर मागव. ती पाण्यात विरघळत नाही, डीएमएसओ हे द्रावक लागतं. म्हणजे नुसतं डीएमएसओ घातलेला कंट्रोल (तुलनेचा नमुना) हवाच. नवखे नेमके हेच विसरतात आणि व्हायव्हात अडकतात.

– एलपीएस (पेशींत सूज आणणारं जिवाणूंचं विष) घालण्याआधी एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून दाखवणारी चाचणी) करून पेशी न मारणारा डोस ठरव. मेलेल्या पेशी आयएल-६ (सुजेचा संकेत देणारं प्रथिन) बनवत नाहीत, तेव्हा 'सूज उतरली' हा आनंद फुकटचा. कर्क्युमिन स्वतःच पिवळंधमक असतं, त्याने एमटीटीचा रंग चुकतो. म्हणून कर्क्युमिन असलेल्या पण पेशी नसलेल्या वेलचं (प्लेटमधल्या खळग्याचं) रीडिंग वजा कर.

– प्लेट फॉइलमध्ये गुंडाळ. उजेडात कर्क्युमिन टिकत नाही, मीडियात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) तर अंधारातही झपाट्याने विघटित होतं. पातळ केलेलं ताजंच वापर.

अक्कलदाढेच्या पल्पमधल्या पेशी सुरुवातीच्या पॅसेजच्याच (थोड्याच वेळा नव्या भांड्यात हलवून वाढवलेल्या) घे. कर्क्युमिन पोचवायला नॅनोकण, हायड्रोजेल वगैरे नंतर बघू. आणि हो, पेशंटच्या उघड्या पल्पवर काही लावायला जाऊ नकोस. लवंग तेलातलं युजेनॉल कळ थांबवतं खरं, पण थेट पल्पला लागलं तर पेशी मारतं.