वाइन न पिणाऱ्यांनी बर्गंडीला जावे का?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता मुलाकडे पॅरिसला जाणार आहोत. मधले तीन दिवस बर्गंडीत घालवावेत, असा त्याचा आग्रह आहे. आम्ही मद्य घेत नाही, शाकाहारी आहोत आणि दोघांचीही साठी उलटली आहे. द्राक्षमळ्यांच्या त्या मुलुखात आमच्यासारख्यांनी काय पाहावे? मुक्काम कोठे करावा? आणि येताना जावयांसाठी एखादी बाटली आणता येईल का?
— एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : अवश्य जावे आणि मुक्काम बर्गंडीच्या जुन्या राजधानीत, दिजोंलाच करावा. पॅरिसहून जलद गाडीने तेथे सुमारे दीड तासात पोहोचता येते आणि जुने शहर पायी हिंडण्याजोगे आहे. राज्य गेले तरी राजवाडा आणि डौल मागे उरलेले शहर बडोदेकरांना परके वाटणार नाही. १४७७ मध्ये बर्गंडीचा शेवटचा ड्यूक चार्ल्स नान्सीच्या लढाईत पडला आणि त्याची डची, म्हणजे ड्यूकचे राज्य, फ्रान्सच्या राजाने गिळली. ड्यूकांच्या वाड्यात आज कलासंग्रहालय आहे. कायमचा संग्रह विनामूल्य पाहता येतो, फक्त मंगळवारी दार बंद असते. तेथे ड्यूक फिलिप द बोल्डच्या थडग्यापाशी वेळ काढावा. शिळेखालच्या नक्षीदार कमानींतून जेमतेम हातभर उंचीच्या संगमरवरासारख्या शुभ्र मूर्तींची शोकयात्रा चालली आहे. कुणी टोपी पार डोळ्यांवर ओढली आहे, तर कुणी डोळे पुसतो आहे. वाकल्याशिवाय त्यांचे चेहरे दिसत नाहीत. वाड्याच्या मनोऱ्याला मात्र ३१६ पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर तो सोडून द्यावा.

नोत्र-दाम चर्चच्या बाजूच्या गल्लीत भिंतीवर एक छोटे दगडी घुबड आहे. लोक त्याला डावा हात लावून इच्छा मागतात, त्यामुळे त्याचे नाक-डोळे झिजून गेले आहेत. (घुबड, आणि तेही डाव्या हाताने! लक्ष्मीचे वाहन म्हणून चालवून घ्यावे.)

मळे पाहण्यासाठी पिण्याची गरज नाही. दिजोंहून दक्षिणेकडे बोनला जाणारी बस व्होन-रोमाने, न्वी-सां-जॉर्ज अशा गावांच्या वाटेने जाते. आपल्याकडे शेताच्या तुकड्याला नाव असते, तसे येथे मळ्याच्या प्रत्येक तुकड्याला आहे. त्याला ‘क्लिमा’ म्हणतात आणि अशा १,२४७ तुकड्यांना युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारसा मानले. शेजारच्या दोन तुकड्यांत तांबडी वाइन पिनो न्वार याच द्राक्षाची, मधे केवळ एक पायवाट, तरी माती आणि उतार बदलल्याने चव बदलते आणि किंमत तर कित्येक पटींनी. ज्याचे थडगे आपण पाहिले, त्याच फिलिपने १३९५ मध्ये गामे या दुसऱ्या जातीच्या द्राक्षवेली उपटण्याचा हुकूम काढला होता. बोनला १४४३ मध्ये गरिबांसाठी स्थापन झालेले, रंगीत कौलांचे रुग्णालय चुकवू नये. दान मिळालेल्या मळ्यांच्या वाइनचा त्याच्या नावाने दर नोव्हेंबरात लिलाव होतो.

जेवणाचे थोडे कठीण आहे, कारण गोमांस आणि गोगलगाई ही तेथील खासियत. दिजोंच्या लोखंडी मंडईत सकाळी पाव, चीज, फळे मिळतात, त्यावर भागवावे.

बाटली आणू नये. गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याविना ती जवळ बाळगणे हा गुन्हा ठरतो. जावयांना दिजोंची मोहरी द्यावी. लोणच्यासाठी फेसलेल्या मोहरीसारखीच ती नाकात चढते. बरणी मोठ्या सामानात ठेवावी आणि घेण्यापूर्वी घटक वाचावेत, कारण काही मोहरीत पांढरी वाइन असते.