उद्यमबागेतला जुना चक लाकडाला चालेल का?

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या घरात सुतारकाम पहिल्यापासूनच आहे, पण खराद मी नव्यानंच शिकतोय. लाकूड फिरवून कोरायचा छोटा खराद (लेथ) घेतलाय, त्यावर बारा इंचांपर्यंतचा जॉब, म्हणजे कोरायचा तुकडा, फिरतो. वाडगे आणि झाकणाचे डबे करायचे आहेत, म्हणून चक, म्हणजे जॉब जबड्यांत धरून फिरवणारा भाग, पाहिजे. बेळगावच्या उद्यमबागेतले ओळखीचे एक मशीन शॉपवाले सहा इंची जुना थ्री जॉ (तीन जबड्यांचा) चक स्वस्तात देतो म्हणतात. लाकडासाठी म्हणून मिळणारा फोर जॉ चक त्याच्या कितीतरी पट महाग आहे. जुना घेऊ का?
— एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : नको. फुकट दिला तरी लाकडाच्या खरादावर चढवू नका. मी स्वतः उद्यमबागेत लोखंडाच्या लेथवर नोकरी केली आणि थ्री जॉवरच हात बसवला, तेव्हा त्या चकाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. लोखंडाच्या कामाला तो उत्तमच आहे. लोखंड दाबलं तरी दबत नाही, त्यामुळे तीन ठिकाणी धरलं तरी भागतं. लाकूड दबतं. तीन जबडे तीन जागी रुततात, तिथले तंतू चेपतात आणि पाच मिनिटांत पकड सैल होते. कळतं तेव्हा वाडगा हवेत असतो.

दुसरं वजन. सहा इंची थ्री जॉ आठ किलोच्या आसपास भरतो. छोट्या खरादाच्या बेअरिंगवर एवढं लोखंड टांगून ठेवणं बरं नव्हे. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. मोठा जॉब धरायला जबडे उघडले की ते चकाच्या अंगाबाहेर येतात. लोखंडाच्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये बसवलेलं असतं, आपला हात लांब असतो. लाकडाला पटाशी आपल्या हातात असते आणि बोटं त्या फिरणाऱ्या जबड्यांपासून चार बोटांवर. डॉग चकाचं, म्हणजे ज्याचे चारही जबडे वेगवेगळे सरकतात त्याचंही तेच.

लाकडाच्या चकाचे चार जबडे एकदम सरकतात आणि त्यांना आतून तिरकी धार असते. वाडग्याच्या बुडाला आपण गोल खुंट ठेवतो, तो या धारेत अडकतो. जबडे जवळजवळ मिटलेले असताना त्यांचं बांगडीसारखं सलग कडं होतं आणि खुंटाला चहूबाजूंनी पकड मिळते. जबडे जास्त उघडले की फक्त त्यांचे कोपरे टेकतात, मग महागडा चकसुद्धा थ्री जॉसारखाच वागायला लागतो. म्हणून चक आणला की पहिलं काम हे करा : जबडे पूर्ण मिटवा, तीन-चार मिलिमीटर उघडा, आतला व्यास मोजा आणि तेवढ्या मापाचं भोक पाडलेली प्लायची पट्टी खरादाजवळ खिळ्याला टांगून ठेवा. प्रत्येक खुंट त्या भोकात घालून बघायचा. बऱ्याच चकांबरोबर 50 मिमीचे जबडे येतात. खुंट वाडग्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश असावा, म्हणजे सहा इंची वाडग्याला 50 चे जबडे बरोबर बसतात. एवढ्या वाडग्याला खुंटाची उंची 6 ते 8 मिमी पुरे. खुंटाचं टोक जबड्यांच्या तळाला टेकता कामा नये. वाडग्याचं बूड जबड्यांच्या तोंडावर सपाट बसलं पाहिजे. निम्मी पकड त्या बसण्यात आहे, आणि नवीन माणूस नेमकं तेच बघत नाही.

तुमच्या खानापूर भागात ओलं लाकूड सहज मिळतं, म्हणून एक जादा सांगतो. ओल्या आंब्याचा किंवा फणसाचा वाडगा जाडसर कोरून वाळत ठेवलात की तो लंबगोल होतो, आणि खुंटही त्याच्याबरोबर लंबगोल होतो. अशा वेळी खुंटाचा व्यास पाच-सहा मिलिमीटर जास्तच ठेवा, वाळल्यावर पुन्हा गोल करून घ्यायला जागा राहते. ओलं लाकूड चकात असताना मध्येच थांबून एकदा किल्ली फिरवून बघायची.

आता घ्यायचा कुठला? दुकानात जायच्या आधी खरादाचा स्पिंडल, म्हणजे चक ज्यावर चढतो तो फिरता दांडा, मोजा. आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं बघा आणि एका इंचात किती आटे येतात ते पट्टी लावून मोजा. व्यास 25 मिमीच्या थोडा वर आणि इंचाला 8 आटे, तर ते एक इंच आठ टीपीआय. व्यास 33 च्या किंचित खाली आणि इंचाला सात-सव्वासात आटे, तर एम 33, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 3.5 मिमी. ही दोन मापं बरीच चालतात. पण स्थानिक बनावटीच्या खरादावर आटे कसलेही असू शकतात. म्हणून अंगातच आटे पाडलेल्या चकापेक्षा मधला इन्सर्ट, म्हणजे आटे असलेला सुटा तुकडा, बदलता येणारा चक घ्या. तुमच्या मापाचा इन्सर्ट तयार मिळाला नाही, तर इथं उद्यमबागेच्या ओळखीचा खरा उपयोग करून घ्या की! खरादाबरोबर आलेली फेसप्लेट (जॉब स्क्रूनं बसवायची सपाट चकती) नमुन्याला न्या आणि इन्सर्ट कापून घ्या. नुसते आटे जुळून भागत नाही, मागची बैठक आट्यांशी काटकोनात पाहिजे, नाहीतर चक डुलतो. वर आणखी ॲडाप्टर चढवायचं शक्यतो टाळा, कारण चक तेवढा पुढं येतो आणि थरथर वाढते.

तुमच्या खरादाला साडेतीन-चार इंची चक भरपूर झाला. किल्लीनं आवळायचा घ्या. दोन सळयांनी आवळायचा स्वस्त असतो, पण त्याला दोन्ही हात गुंततात, मग जॉब कोण धरणार? मागं आट्यांवर आवळायचा छोटा स्क्रू असेल तर उत्तम, कारण उलटं फिरवताना चक सुटत नाही. जादा जबड्यांचा संच आत्ताच घेऊ नका.

आणि खरं सांगू का, पहिले काही महिने फेसप्लेटवरच वाडगे करा. चार-सहा दणकट लाकडी स्क्रू लावायचे. जिप्समचे काळे स्क्रू वापरू नका, ते ठिसूळ असतात, तुटतात. ओंडक्याच्या आडव्या कापलेल्या तोंडात स्क्रू नीट धरत नाहीत, तेव्हा फळीच्या बाजूनं लावा.

वेगाचा हिशेब : 6000 ला जॉबच्या इंचांनी भागा. आठ इंचाला मिनिटाला 750 फेरे. लाकूड ओबडधोबड असेल तर त्याहून कमी. चालू करताना जॉबच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा. तोंडावर पूर्ण शील्ड पाहिजे, हातमोजे नकोत, आणि खांद्यावरचा टॉवेल घरात ठेवून या.

प्रश्न : आम्ही काही बायका मिळून लाटणी, रव्या आणि पोळपाट करून विकायचं म्हणतोय. चक घ्यावाच लागेल का?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, नाही लागणार. लाटणं आणि रवीचा दांडा दोन सेंटरांमध्येच, म्हणजे दोन्ही टोकांना टोकदार टेकू लावून होतो. खरादाच्या मागच्या बाजूच्या टेकूला, टेलस्टॉकला, मात्र फिरतं सेंटर घ्या, स्थिर सेंटरवर लाकूड घासून जळतं. पोळपाट फेसप्लेटवर करा. स्क्रूची भोकं खालच्या बाजूला अशी आखा की नंतर त्यांच्यावरच पाय बसतील. चकाचे पैसे वाळलेल्या लाकडात घाला. शिसम किंवा बाभूळ घ्या, आणि पोळपाटाची फळी पावसाळ्यात कापून लगेच खरादावर लावू नका, तिला बाक येतो आणि पोळी मध्येच जाड राहते.