नेदरलँड्समध्ये नोकरी बदलायची तर डच शिकावंच लागतं का? इंग्लिशवर भागत नाही का?

भागतं की. पहिल्या नोकरीपुरतं सगळ्यांचंच इंग्लिशवर भागतं, बोंब लागते ती दुसरीच्या वेळी.

तुम्ही लिहिलंय की आइंडहोवनला तीन वर्षं झाली, ऑफिस पूर्ण इंग्लिशमध्ये चालतं, मॅनेजरशी पटत नाही म्हणून बदलायचंय, आणि वर एवढ्याशा देशाची भाषा शिकण्यात वेळ का घालवायचा. हे शेवटचं वाचूनच लिहायला बसलो. आम्स्टलवेनला आमचे मेव्हणे राहतात, त्यांच्या घरी दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर मला हे ऐकावं लागतं. "दाजी, कशाला डोक्याला ताप, हितं सगळ्यांना इंग्लिश येतंय."

येतंय, खरंच आहे. पण आपल्याशी बोलायला येतंय.

मी मेकॅनिकलवाला. कोल्हापूरला गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सुरुवात केली आणि काम शिकलो ते फिटर लोकांकडून. ड्रॉइंग काहीही म्हणू दे, शाफ्ट नीट बसतोय का ते फिटरला विचारायचं. इथं पहिल्या कंपनीत आलो तर मीटिंगा इंग्लिशमध्ये, ईमेल इंग्लिशमध्ये, सगळं झकास, पण खाली वर्कशॉपमध्ये गेलो की मॉन्टर (म्हणजे इथले फिटर) मंडळी माझ्यासाठी बिचारी इंग्लिशवर यायची, आणि एरवी तासभर मशीनवर बोलणारा माणूस "ओके, वर्क्स" एवढ्यावर उरकायचा. मशीनचं खरं दुखणं काय ते मला कायम उशिरा आणि अर्धवट कळायचं.

तसंच नोकरीचंही कळलं. विभाग बंद होणार ही कुजबुज कॅन्टीनमध्ये पाव-चीज खाताना डचमध्ये कधीपासून चालू होती. माझ्यासमोर बसून चालू होती. कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नसतील तर कंपनीला निदान महिनाभर आधी लेखी कळवावं लागतं, ते त्यांनी नियमाप्रमाणे कळवलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाकीच्यांनी तोवर दुसरीकडे सोय लावली होती.

केनिसमिग्रांटचं, म्हणजे कंपनीच्या स्पॉन्सरवर आलेल्या आपल्यासारख्या कुशल परदेशी नोकरदाराच्या परवान्याचं, तुम्हाला माहीतच असेल. नोकरी गेली की जास्तीत जास्त तीन महिने, त्यात नवीन कंपनी शोधायची, ती आयएनडीच्या (इथलं इमिग्रेशन खातं) मान्यताप्राप्त स्पॉन्सरच्या यादीत पाहिजे, आणि पगार ठरलेल्या आकड्याच्या वर पाहिजे (२०२५ मध्ये तिशीच्या वरच्यांना महिना ५,६८८ युरो ग्रॉस, सुट्टीचे ८ टक्के सोडून, दर जानेवारीत बदलतो). मी जाहिराती बघायला लागलो तर माझ्या कामाच्या निम्म्याहून जास्त जाहिरातींत खाली एक ओळ ठरलेली, 'नेदरलांट्स इन वोर्ट एन खस्ख्रिफ्ट', म्हणजे बोलता-लिहिता डच हवं. यंत्रं बनवणाऱ्या छोट्या कंपन्या, जिथं माझ्यासारख्याला खरं काम आहे, त्यातल्या बऱ्याच त्या यादीतच नाहीत. मग उरतात त्याच चार मोठ्या इंग्लिशवाल्या कंपन्या, आणि तिथं माझ्याच विभागातून बाहेर पडलेले माझ्या पुढं रांगेत. मिळाली शेवटी, कागदपत्रं सांभाळायची नोकरी. मशीनला हात नाही. मेव्हणे म्हणाले, "मिळाली ना इंग्लिशवर?" तो टोमणा अजून बसलाय.

आता जे कुणी नीट सांगत नाही ते सांगतो. केनिसमिग्रांटला डच शिकायची सक्ती नाही, म्हणून आपले लोक इनबुर्खरिंगच्या, म्हणजे डच भाषेच्या आणि इथल्या समाजाच्या ओळखीच्या, परीक्षेकडं बघतच नाहीत. पण पाच वर्षं झाल्यावर पर्मनंट रेसिडेन्सी मागायची तर ती परीक्षा लागते, आणि ते कार्ड हातात आलं की त्याच्यावर 'आर्बाइट फ्राय तूखस्तान' लिहिलेलं असतं, कुठंही काम करा. स्पॉन्सर नको, पगाराचा आकडा नको, तीन महिन्यांचा घोर नको. यादीत नसलेली ती चाळीस माणसांची कंपनी त्या दिवसापासून तुमच्यासाठी उघडी. म्हणजे तुमच्या 'नोकरी बदलायची' या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या ए२ लेव्हलच्या (रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या भाषेच्या) परीक्षेत आहे, आणि ए२ म्हणजे काही फार नाही हो.

मी संध्याकाळच्या क्लासला जायचो, शिवाय लायब्ररीत तालकाफे असतं, फुकट, रिटायर्ड आजी-आजोबा कॉफी पाजत बोलायला लावतात. क्लासमध्ये सीरियातल्या हलबचा एक बेकरीवाला होता आणि गोदामात पॅकिंग करणारी एक पोलिश बाई, दोघंही माझ्यापुढं, कारण त्यांना इंग्लिशची पळवाट नव्हती. परीक्षेला बोलण्याचा पेपर कम्प्युटरवर असतो, हेडफोन लावून सगळे एकाच खोलीत एकदम बोलतात. माझ्या शेजारचा इतक्या जोरात सुट्टीत काय केलं ते सांगत होता की माझ्या उत्तरातही तो कॅम्पिंगला गेला असणार. पास झालो.

कार्ड आल्यावर कांदा-बटाट्याची प्रतवारी करणाऱ्या मशिनी बनवणाऱ्या एका कंपनीत अर्ज टाकला, नैऋत्येकडच्या झीलंड प्रांताच्या बाजूला. हो, कांदा. नाशिकवाल्यांनी नोंद घ्यावी, इथंही कांद्यावर अख्खी गावं चालतात. मालकानं स्वतः कॉफी करून दिली, एक बिस्कीट दिलं (एकच), आणि सीव्ही टेबलावर तसाच ठेवून मला शेडमध्ये नेलं. एक मॉन्टर मशीनखाली आडवा होता. म्हणाला, "दी लोप्त वारम", बेअरिंग गरम होतंय. मी विचारलं, कधीपासून? झालं, त्यानं जी पट्टी लावली, झीलंडचा हेल, निम्मं डोक्यावरून गेलं. पण कामाचं निम्मं कळलं, की गिऱ्हाईक हंगाम संपल्यावर प्रेशरच्या पाण्यानं सगळं धुतंय आणि त्याच्यानंतरच बेअरिंग ओरडायला लागतंय. मग मीही खाली वाकलो, सीलची बाजू बघितली, आणि आम्ही दोघं माझ्या मोडक्या डचमध्ये त्यावर वाद घालत बसलो. मालक बाजूला उभा राहून ऐकत होता. इंटरव्ह्यू तो एवढाच. गोकुळ शिरगाव सोडल्यापासून पहिल्यांदा मी फिटरशी भांडलो असेन, काय बरं वाटलं सांगू.

शिकायचं कसं म्हणाल तर, मराठी माणसाला हे इंग्लिशवाल्यांपेक्षा सोपं आहे. क्रियापद शेवटी टाकायची आपल्याला सवय आहे, आणि तो-ती-ते सांभाळणाऱ्यानं नामाआधी लागणाऱ्या 'द' आणि 'हेत'ला काय घाबरायचं. फक्त वेळ सांगताना जपा, 'हाल्फ फैफ' म्हणजे साडेचार, साडेपाच नव्हे. दुकानात कॅशवरची मुलगी 'कोपझेखल्स?' विचारते तेव्हा नुसतं 'नो थँक्यू' करून पळू नका, बचतीचे स्टॅम्प हवेत का विचारतेय, डचमध्ये नको म्हणा. समोरचा इंग्लिशवर गेला तरी आपण डच सोडायचं नाही, दोन मिनिटं निर्लज्जपणे ओढायचं. मोबाईलवरच्या त्या ॲपनं काही होत नाही, माझं स्पष्ट मत आहे.

मेव्हणे म्हणतील, आणि हे वाचत असतील तर खाली म्हणतीलच, की पगार कमी झाला ते पण लिवा. झाला. छोट्या कंपनीत कमी मिळतो, आणि परदेशातून आलेल्यांना मिळणारी ३० टक्क्यांची करसवलत पाच वर्षांत संपते ती संपतेच. पण त्यांनी हेही लिहावं की 'पाच वर्षांत परत जायचंय, मग कशाला शिकू' हे ते कोणत्या सालापासून म्हणताहेत.

बाकी तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये असाल तर माझं निम्मं बोलणं तुम्हाला लागू नाही, तिथं इंग्लिशवर दोन-तीन नोकऱ्या आरामात होतात. तुमची बायको किंवा नवरा पार्टनर व्हिसावर असेल तर त्यांना मात्र कुठंही काम करायची परवानगी आधीपासूनच असते, अडतं ते भाषेवर, म्हणून क्लासला आधी त्यांना पाठवा. नियम दरवर्षी हलतात तेव्हा आयएनडीच्या साईटवर स्वतः बघा, माझ्यावर विसंबू नका. मॅनेजर कितीही डोक्यात गेला तरी नव्या कॉन्ट्रॅक्टवर दोन्ही सह्या झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका, नोटीस इथं बहुतेक ठिकाणी एकच महिना असते, आपल्याकडच्या नव्वद दिवसांसारखा छळ नाही, त्यामुळं घाईचं काही कारणच नाही.