मिटलेले झोअँथिड आणि गरम पाण्याचा बेत

प्रश्न : न्यू जर्सीतील आमच्या घरी ८० लिटरची खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आठ महिन्यांपासून आहे. तीत वेगवेगळ्या खडकांवर झोअँथिडच्या, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या प्रवाळसदृश समुद्री जीवांच्या, दोन वसाहती आहेत. तीन आठवड्यांपासून एका वसाहतीतील निम्मे पॉलिप (वसाहतीतले एकेक जीव) मिटलेले असून काही नाहीसेही झाले आहेत. दुसरी वसाहत उघडते, पण तिचा रंग फिका पडला आहे. शेजारचे लेदर कोरल (एक मऊ प्रवाळ) उत्तम आहे. तापमान २५ अंश, खारेपणा दर हजारी ३५, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य. मी आयोडीन व कॅल्शियम घालू लागलो आणि दिव्याची तीव्रता ५० वरून ८० टक्के केली, पण फरक पडला नाही. आता खडक बाहेर काढून गरम पाण्यात घासून काढावा का?
– एक वाचक

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात आपल्या कुटुंबाच्या जिवाचा प्रश्न आहे. तो खडक गरम पाण्यात घालू नका, उकळू नका आणि कोरडा असताना ब्रशने घासू नका. झोअँथिडच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआ गटात, पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. १९७१ मध्ये हवाईतील शास्त्रज्ञांनी ते प्रथम वेगळे केले. ज्या जीवातून ते मिळाले, तो भाल्यांच्या टोकांना चोळण्याची तेथील लोकांची जुनी रीत होती, असे सांगितले जाते. हे विष उकळल्याने नष्ट होत नाही. खडक उकळताना उठलेल्या वाफेमुळे घरातील सगळी माणसे ताप, खोकला आणि श्वास लागणे अशा त्रासाने रुग्णालयात गेल्याची उदाहरणे युरोप-अमेरिकेत आहेत. यावर खास उतारा नाही आणि कोणत्या वसाहतीत विष आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून हात घालताना हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे. बोटाला चीर असेल, तर ते काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

आता आजाराकडे वळू. पाणी बिघडले असते, तर त्याचा त्रास सर्वच प्रवाळांना झाला असता. येथे एकाच वसाहतीतील पॉलिप नाहीसे होत आहेत, त्यामुळे माझा पहिला संशय त्यांना खाणाऱ्या किडीवर आहे. झोअँथिड खाणारी न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेली छोटी समुद्री गोगलगाय, खाल्लेल्या पॉलिपचाच रंग अंगावर घेते, त्यामुळे ती दिवसा समोर असूनही दिसत नाही. दिवे मालवल्यानंतर तासा-दोन तासांनी टॉर्च घेऊन देठांच्या बुडाशी पाहा. पांढुरक्या अंड्यांची वेटोळी दिसली, तर निदान पक्के समजावे. चपट्या, चक्राकार शंखाची सनडायल गोगलगायही हाच उद्योग करते. पॉलिपच्या देठांवर बारीक पांढऱ्या-पिवळ्या पुटकुळ्या असतील, तर मात्र तो ‘झोआ पॉक्स’ नावाचा रोग आहे आणि त्याचा उपचार वेगळा आहे. तशा पुटकुळ्या दिसल्यास छायाचित्रासह पुन्हा लिहावे.

कीड सापडल्यास खडक एका बादलीत पेटीतीलच पाण्यात ठेवून त्यात आयोडीनयुक्त कोरल डिप (प्रवाळ बुडवून त्यावरील कीड काढण्याचे औषध) वेष्टनावरील मात्रेने आणि तेवढ्याच वेळेपुरते घालावे आणि रबरी पिचकारीने हलके फवारे मारावेत. सुटलेल्या गोगलगायी आणि ते पाणी पेटीत परत जाता कामा नये. डिपने अंडी मरत नाहीत. ती चिमट्याने काढावीत आणि राहिलेल्या अंड्यांतून पिल्ले निघतील हे धरून दर आठवड्याला, असे तीन-चार वेळा, हेच करावे. बहुतेकांचा उपचार येथेच फसतो, कारण पहिल्या डिपनंतर पॉलिप उघडले की दुसऱ्याचा कंटाळा येतो.

दुसऱ्या वसाहतीच्या फिकेपणाला दोन कारणे संभवतात आणि, स्पष्टच लिहितो, दोन्ही आपण पुरवली आहेत. शून्य नायट्रेट व फॉस्फेट म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे, उपाशी पाणी. पॉलिपच्या शरीरातील सूक्ष्म शैवाले त्याला अन्न पुरवतात आणि त्या शैवालांनाही नत्र व स्फुरद लागते. फॉस्फेट शोषणारी रेझिन वापरत असाल, तर ती काढा, माशांना थोडे अधिक खाऊ घाला आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या मर्यादेत येऊ द्या. दुसरे कारण एकदम वाढवलेला प्रकाश, म्हणून दिवा पुन्हा ५० टक्क्यांवर आणा. पुढे वाढवायचाच असेल, तर आठवड्याला पाच टक्क्यांहून अधिक नको. पॉलिप मान उंच ताणू लागले, तर प्रकाश कमी पडतो आहे असे समजावे.

आयोडीन आणि कॅल्शियमच्या बाटल्या थांबवा. मोजल्याशिवाय काही घालू नये. खारेपणाचा आकडा चांगला आहे, मात्र रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजण्याचे उपकरण) दर हजारी ३५ च्या प्रमाण द्रावणाने तपासून घ्यावा आणि बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या आरओ पाण्यानेच भरावे.

डिपनंतर पॉलिप तीन-चार दिवस मिटलेलेच राहिले, तरी खडक हलवू नका.