रेडिओपीडियावर केसेस टाकताना सगळ्यांनी एकाच छापाचं लिहायचा हट्ट कशासाठी?

प्रश्न रेडिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचा आहे. रेडिओपीडिया म्हणजे डॉक्टरांनी मिळून लिहिलेला, रेडिओलॉजीच्या केसेसचा आणि लेखांचा इंटरनेटवरचा कोश. चार केसेस टाकल्या, चारही वेळा संपादकाने शीर्षक बदललं, वाक्यं कापली. एवढा हट्ट कशासाठी, आणि एकसारखं लिहायला जमवायचं कसं?

‘कसं’चं उत्तर साइटच्या स्टाइल गाइडमध्ये आहे. ते न वाचताच तुम्ही चार केसेस टाकल्यात हे प्रश्नावरूनच दिसतंय. राग मानू नका, मीही तेच केलं होतं. ‘कशासाठी’चं मात्र माझ्याकडे जुनं खातं आहे, ते आज उघडते.

मी पीजी करत होते तेव्हा आमच्या सरांची रिपोर्ट लिहायची पद्धत ठरलेली होती. लिव्हरमध्ये हायडॅटिड, म्हणजे कुत्र्याकडून येणाऱ्या पट्टकृमीची पाण्याने भरलेली गाठ, दिसली की एक ओळ: ‘हायडॅटिड सिस्ट, टाइप थ्री, इंटर्नल मेम्ब्रेन्स नोटेड.’ मेम्ब्रेन्स म्हणजे आतले पडदे. पण टाइप थ्री म्हणजे कुणाचा थ्री, ते कधीच नाही. सरांच्या डोक्यात घारबी होता, म्हणजे घारबी नावाच्या डॉक्टरांचं १९८१ चं वर्गीकरण. त्यात दोन नंबर म्हणजे आतला पडदा सुटलेला आणि तीन नंबर म्हणजे आत पिल्लं, म्हणजे छोट्या-छोट्या सिस्ट, भरलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात क्रम वेगळा आहे, कारण तिथे सिस्ट जिवंत आहे की मरायला लागली आहे त्यावर आकडे लावलेत. पिल्लं असलेली ती सीई २ (सीई म्हणजे सिस्टिक इकायनोकॉकोसिस, हायडॅटिडचंच शास्त्रीय नाव). सुटलेला पडदा पाण्यात कमळाच्या पानासारखा तरंगतो ती सीई ३ए. म्हणजे घारबीचा तीन हा संघटनेचा दोन, आणि घारबीचा दोन हा संघटनेचा तीन. परीक्षेत हे सगळे पाठ म्हणून दाखवतात आणि रिपोर्ट लिहिताना विसरतात.

हा काही नुसता आकड्यांचा खेळ नाही. सीई ३ए असेल तर बाहेरून सुई घालून पाणी काढायचं, आत खारं द्रावण सोडायचं, थोड्या वेळाने परत ओढून घ्यायचं, म्हणजेच ‘पेअर’, असं करता येतं. आत पिल्लं असतील तर एका सुईने काय होणार? प्रत्येक पिल्लू ही स्वतंत्र पिशवी. तिथे ऑपरेशन, नाहीतर जाड कॅथेटरचे दुसरे उपाय.

तर एक बाई आल्या. मेंढरं राखणारं घर, कुत्री दारात, पोट उजव्या बाजूला जड. रिपोर्ट सरांचा: टाइप थ्री. सर्जरीला नवे रुजू झालेले एक डॉक्टर होते, पेअर करणारे. त्यांना घारबी फक्त नावाने माहीत. त्यांनी थ्री वाचलं, मेम्ब्रेन्स वाचलं, सीई ३ए समजले आणि तारीख दिली. बाईंना अल्बेंडॅझोल हे जंतांवरचं औषध सुरू झालं. ठरल्या दिवशी त्या रात्रीपासून उपाशी, टेबलावर झोपलेल्या. ट्रेवर सुई, खाऱ्या द्रावणाची सिरिंज, आणि रिअ‍ॅक्शन आलीच तर हाताशी असावं म्हणून भरून ठेवलेलं अ‍ॅड्रेनलिन. सोनोग्राफीचा प्रोब माझ्या हातात.

जेल लावून प्रोब टेकवला आणि स्क्रीनवर मधमाश्यांचं पोळं. एकाला एक चिकटलेल्या गोल पिशव्या, मध्ये त्यांच्या भिंती. त्या भिंतींनाच सरांनी ‘मेम्ब्रेन्स’ म्हटलं होतं. तरंगणारं काहीही नाही.

सर्जन माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, “हे थ्री आहे?”

मी म्हटलं, “सरांचं थ्री आहे.”

सुई परत ट्रेवर गेली. बाईंना उठवलं, आज होणार नाही म्हणून सांगितलं. पोटावरचं जेल पदराने पुसत त्यांनी विचारलं, “मंग उद्या हाय का?” त्यांच्या भावाने मेंढरं कुणाच्या तरी भरवशावर टाकली होती, त्याला परत जायचं होतं. उद्या नव्हतंच. पुढे ओपन ऑपरेशन झालं, बऱ्या झाल्या.

मी सरांना जाऊन म्हटलं की यापुढे संघटनेचंच वर्गीकरण लिहू या, आणि नावासकट. सर म्हणाले, “ज्याला समजायचं त्याला समजतं. रिपोर्ट म्हणजे काय रेशनचा फॉर्म आहे?” सर, हो. निदान त्या एका ओळीपुरता आहे. तेव्हा बोलायची छाती झाली नाही, म्हणून इथे अनोळखी माणसाच्या प्रश्नाखाली बोलते आहे.

आता तुमच्या संपादकाकडे येऊ. बरीच वर्षं गेल्यावर मी पहिली केस टाकली ती अर्थात हायडॅटिडचीच. शीर्षकात ‘अ ब्यूटिफुल क्लासिक केस ऑफ’, पुढे रोगाचं नाव, सगळी अक्षरं कॅपिटल. संपादकाने ‘ब्यूटिफुल’ उडवलं, ‘क्लासिक’ उडवलं, अक्षरं लहान केली. एमआरआयच्या वर्णनात मी ‘हायपोडेन्स’, म्हणजे कमी घनतेचं, असं लिहिलं होतं. त्याने नम्रपणे विचारलं की एमआरमध्ये डेन्सिटी कुठून आली? डेन्सिटी सीटीची, सिग्नल एमआरचा, इको सोनोग्राफीचा, हे मी स्वतः ज्युनियरना ओरडून सांगते. निदानाच्या खात्रीपुढे मी ‘निश्चित’ निवडलं होतं. त्याने विचारलं, पॅथॉलॉजी, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट, कुठे आहे? ती मी जोडलीच नव्हती. दोन दिवस मी उत्तर टाइप करून पुसत होते. त्यात जवळपास असंच वाक्य होतं की ज्याला समजायचं त्याला समजतं. ते पाठवलं नाही एवढंच.

तुम्हाला बोचलंय ते बहुधा हेच: ‘माझं’ वाक्य बदललं. पण २००५ साली मेलबर्नच्या फ्रँक गेलार्ड यांनी ही साइट सुरू केली ती विकी म्हणूनच, कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. आपण जे टाकतो ते क्रिएटिव्ह कॉमन्सखाली देतो. वाक्यावर मालकी ठेवायची असेल तर जर्नलला पाठवा आणि वर्षभर वाट बघा.

कामाच्या दोन-चार गोष्टी. माणसांच्या नावाच्या आजारांना अपॉस्ट्रॉफी एस नाही: क्रोन डिसीज, डाउन सिंड्रोम. लेखाचे भाग ठरलेले आहेत. कुणाला होतो, लक्षणं, पॅथॉलॉजी, इमेजिंग, उपचार, आणि शेवटी डिफरन्शियल, म्हणजे तसेच दिसणारे दुसरे आजार. तुमची अक्कल त्या खणांत बसवा. केसच्या चर्चेत अख्खं पाठ्यपुस्तक ओतू नका, रोगाच्या लेखाला लिंक द्या आणि तुमच्या पेशंटमध्ये काय दिसलं तेवढंच लिहा. वर्गीकरण लिहिलंत तर कुणाचं ते त्याच ओळीत. टाकण्याआधी त्याच रोगाच्या पाच केसेस उघडून त्यांची वाक्यं वाचा. यापेक्षा सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

संपादक नेहमी बरोबर असतो असंही नाही. माझ्या एका केसमध्ये डावं-उजवं त्यानेच उलटं केलं होतं. लिहून कळवलं, त्याच दिवशी दुरुस्त झालं. आणि सरांवर अन्याय नको. ते शिकले तेव्हा संघटनेचं वर्गीकरण आलेलंच नव्हतं, आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा आजही चांगली असेल. सर्जननेही तारीख देण्याआधी फिल्म स्वतः बघायला हवी होती, नुसता रिपोर्ट नव्हे. हे मला उशिरा सुचलं.

एक राहिलंच, ते खरं तर पहिल्यांदा सांगायला हवं होतं. परवानगी घ्या, पेशंटची आणि तुमच्या कॉलेजची. सोनोग्राफीच्या चित्रात वरच्या कोपऱ्यात नाव आणि नंबर छापलेला असतो, फाइलचं नाव बदलून तो जात नाही, कापावाच लागतो. गर्भाच्या केसेस टाकताना पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा, डोळ्यांसमोर ठेवा. लिंग कळेल असं एकही चित्र नको, ‘शैक्षणिक’ म्हणूनसुद्धा नको. आणि व्ह्यू बॉक्सवर लावलेल्या फिल्मचा मोबाइलने फोटो काढून टाकू नका. परवा एका केसमध्ये फुफ्फुसाच्या बरोबर मधोमध ट्यूबलाइट दिसत होती.