ठपका ठेवण्याची घाई नको

तपासाच्या कामात नवे आहात म्हणून सांगतो: अपघात विमानाचा असो वा रेल्वेचा, ‘चूक कोणाची’ हे पहिल्याच दिवशी ठरवू नका. १९८८ मध्ये लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ ३५ जणांचा बळी घेणाऱ्या अपघाताचे मूळ सिग्नल यंत्रणेतील एका जुन्या, कापून न टाकलेल्या तारेत सापडले. चौकशी तिथेच थांबली असती, तर एका तंत्रज्ञावर ठपका ठेवून प्रकरण मिटले असते. परंतु त्याला १३ आठवड्यांत एकच सुटी मिळाली होती आणि त्याचे काम दुसऱ्या कोणी तपासलेच नव्हते, हेही पुढे आले. म्हणूनच ब्लॅक बॉक्सइतक्याच (तो असतो मात्र नारिंगी!) तातडीने हजेरीपट आणि देखभालीच्या नोंदवह्या ताब्यात घ्या.