‘ती कुठे पोचली, तू कुठे?’

प्रश्न : मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली, ६८ टक्के. आता ‘तुलनात्मक शिक्षण’ (म्हणजे ठिकठिकाणच्या शिक्षणपद्धतींची तुलना) या विषयात पुढे शिकायचं म्हणते. तिची मावसबहीण आयटीत आहे. या विषयाचा उपयोग काय, भवितव्य काय? निदान फिनलंडमध्ये शिक्षिकेची नोकरी तरी मिळेल का? (एक पालक, सांगली)

उत्तर : तुमच्या मूळ, लांबलचक पत्रात मावसबहीण पाच वेळा आली. मुलीला हा विषय का हवा, हे एकदाही नाही. विचारलंत का तिला? ६८ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. जेवणाच्या ताटावर रोज होणाऱ्या या तुलनेची वाटते. तिने नेमका हाच विषय निवडावा याचं हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

कारण तुलना म्हणजे नंबर लावणं, असं तुम्ही धरून चालला आहात. पिसा ही पंधरा वर्षांच्या मुलांची, देशादेशांची तुलना करणारी आंतरराष्ट्रीय चाचणी. २००९च्या पिसा चाचणीत भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले आणि यादीच्या तळाशी गेले. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसरातले नव्हते, अशी तक्रार करून आपण पुढच्या फेऱ्या टाळल्या. लक्षात राहिला तो नंबर. या विषयाचं काम नंबराच्या पुढे सुरू होतं : मूल घरी कोणती भाषा बोलतं, मास्तर कसे घडतात, शाळेवर खर्च कोण करतं. फिनलंडमध्ये वर्गशिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते. आपण मात्र तिथून ‘गृहपाठ कमी’ एवढंच उचलतो. परक्या बागेतली फुलं-पानं तोडून घरच्या मातीत खोचली तर रोप जगत नाही, असं शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलर यांनी इंग्लंडमध्ये १९०० सालीच बजावलं होतं. आपली शिष्टमंडळं अजून फुलं तोडायला जातातच!

फिनलंडची नोकरी डोक्यातून काढा. तिथे शिकवायला तिथली पात्रता आणि भाषा लागते, हा विषय नव्हे.

आता कडू भाग. ‘तुलनात्मक शिक्षणतज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात सहसा येत नाही. एम.ए., नेट, पीएच.डी. हा प्राध्यापकीचा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. कामं मिळतात ती संशोधन संस्थांत, शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थांत, बरीचशी प्रकल्पापुरती. सुरुवातीला पगार मावसबहिणीइतका नसेल. संख्याशास्त्र पक्कं नसेल तर पंचाईत होईल, ते आधी करायला सांगा.

पण देशादेशांच्या याद्यांपेक्षा देशाच्या आतली तुलना मला जास्त गरजेची वाटते. गडचिरोलीत घरी माडिया बोलणारं मूल पहिलीच्या मराठी पुस्तकापुढे बसतं तेव्हा काय होतं, आणि सांगलीतलं बसतं तेव्हा काय? हे शोधायला मराठी येणारी माणसं लागतात, विमानाचं तिकीट नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. कोणती दोन ठिकाणं शेजारी ठेवून बघायची आहेत आणि का, एवढंच, अर्ध्या पानात. प्रवेश कुठे घ्यायचा ते मग बोलू.